हाताला लागणाऱ्या बरगड्या

कुत्र्याला उपाशी ठेवता म्हणून तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय, असं सांगायला दोन माणसं आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा माझा नवरा ओट्यापाशी वजनकाट्यावर त्याच कुत्र्याचं दुपारचं जेवण तोलत होता.

रविवार होता. दार मी उघडलं. गळ्यात प्राणीमित्र संस्थेचं ओळखपत्र लटकवलेला एक मध्यमवयीन माणूस आणि त्याच्यासोबत पंचविशीची एक मुलगी. माणूस म्हणाला, "आपके यहाँ बड़ा कुत्ता है ना? शिकायत मिली है कि उसको खाना नहीं देते." मला वाटलं, चुकून आमच्या विंगमध्ये आलेत. शांती नगरात बिल्डिंगा इतक्या एकसारख्या आहेत की कुरिअरवालेही चुकतात. तेवढ्यात माझ्या मागून पिल्लू आलं, माझ्या कमरेशी डोकं घुसवून बाहेर डोकावलं, आणि त्या माणसाने मुलीला हिंदीतच सांगितलं, "हाँ, यही है."

पिल्लू म्हणजे ग्रेट डेन. नाव माझ्या लेकीने ठेवलं होतं, ते कागदोपत्री राहिलं. घरात सगळे त्याला पिल्लूच म्हणायचे. वय सात महिने आणि उंची जेवणाच्या टेबलाएवढी.

माझा नवरा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. पत्र्याची जाडी, झाकणाचा व्यास, कडेची धार, सगळं मोजत दिवस घालवणारा माणूस. लहानपणापासून त्याला मोठा कुत्रा हवा होता, आणि आधी चाळीतली खोली आणि मग लेकीच्या परीक्षा यात ते राहून गेलं. लेक शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी त्याच्या ओळखीच्या एकाकडे वसईला ग्रेट डेनची पिल्लं झाली. नवऱ्याने लगेच उचलून आणलं नाही. आधी पिल्लाच्या आईबापांना चालवून बघितलं, त्यांच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे मागून घेतले. ते आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना दाखवले, आणि त्या "सांधे चांगले आहेत" म्हणाल्यावरच पिल्लू घरात आलं. लग्नाच्या वेळी मला इतकं तपासलं नव्हतं, असं मी म्हणालेही.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हे वर्षभरात बाईमाणसाच्या वजनाचं होणार. हाडं भराभर लांब होतील, पण पक्की व्हायला दीड वर्ष लागेल. तोवर वजन पुढे आणि हाड मागे असं झालं की पाय वाकतात, कंबर जाते. ह्याला गुटगुटीत करायचं नाही. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या लागल्या पाहिजेत."

"कॅल्शियमचं औषध?" नवऱ्याने विचारलं.

"अजिबात नाही. ह्याच्या खाण्यात असतं तेवढं पुरे. वरून घातलंत तर हाडं बिघडतील. दूध-तूपही नको. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं मिळतं ते द्या, दिवसातून तीनदा, मोजून. जिने चढवायचे नाहीत, सोफ्यावरून उड्या नाहीत, स्कूटरच्या मागे पळवणं तर नाहीच. मातीत सोडा, खेळेल तेवढं खेळू दे, बसलं की तुम्हीही बसा."

झालं. नवऱ्याने हे व्रतासारखं धरलं. घरभर गुळगुळीत फरशी, पिल्लाचे पाय फाकायचे, म्हणून हॉलपासून मोरीपर्यंत रबराच्या चटया अंथरल्या. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून तो पिल्लाला उचलून खाली न्यायचा आणि उचलून वर आणायचा. पिल्लू वाढत गेलं आणि नवऱ्याची पाठ धरली, तेव्हा पोटाखालून जुन्या चादरीची झोळी घालून आम्ही दोघं एकेक पायरी त्याला उतरवायला लागलो. जिन्यात भेटणारे लोक भिंतीला चिकटून उभे राहत आणि वरातीकडे बघावं तसे बघत.

आणि पिल्लू दिसायला कसं होतं, तर नुसते पाय. लांब, बांबूसारखे पाय, त्यावर अरुंद धड, कमरेपाशी आत गेलेलं पोट. तब्येत उत्तम, डोळे चमकदार, दिवसभर शेपटीने चहाचे कप पाडायचं. पण बघणाऱ्याला काटकुळंच वाटायचं. समोरच्या गुजराती भाभी रोज म्हणायच्या, "कितना दुबला है बेचारा, थोड़ा घी-रोटला दिया करो." मी हसून सोडून द्यायची.

आमच्या घरात एकाच माणसाला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं, माझ्या सासूबाईंना.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. सासरे मुंबईत गिरणीत होते. लग्नानंतर बरीच वर्षं त्या गावी सासूजवळ राहिल्या, मग मुंबईत चाळीत आल्या, आणि सासरे गेल्यावर आमच्याबरोबर मीरा रोडला. फार कमी बोलणारी बाई. चोवीस वर्षांत माझ्याशी त्यांचं एकही भांडण झालं नव्हतं. कुत्रा आणायचा ठरला तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आणा. पोटाला नीट घाला म्हणजे झालं."

पिल्लाचं जेवण दोन मिनिटांत संपायचं. मग ते रिकामं भांडं चाटत चटईवरून सरकवत न्यायचं आणि ओट्याजवळ येऊन वर बघत उभं राहायचं. नवरा म्हणायचा, "झालं तुझं. जा." सासूबाई ते बघायच्या आणि उठून आत जायच्या. थोड्या दिवसांनी लक्षात आलं की पिल्लाचं वजन हवं त्यापेक्षा जास्त वाढतंय. दुपारी मी कामावरून जेवायला घरी येते. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दहा मिनिटांवर. एकदा लवकर आले तर सासूबाई खाली बसून पिल्लाला दूधभात भरवत होत्या. मला बघून त्यांनी हात मागे घेतला नाही. म्हणाल्या, "किती बघतं गो ते. मला नाय बघवत."

नवऱ्याने त्यांना समजावलं. पायाची हाडं, सांधे, कंबर, मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपाती दिली. मग पिल्लाच्या खाण्याच्या पिंपातलं खाणंही त्या दुपारी वाटीने काढून देत असल्याचं कळलं. तेव्हा नवऱ्याने त्या पिंपाला एक छोटं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. मला त्यात काही वाटलं नाही. लहान मुलं असतात त्या घरात औषधाच्या कपाटालाही लावतातच की.

त्यानंतर सासूबाईंनी पिल्लाला काही दिलं नाही. आम्ही समजलो, पटलं त्यांना.

तर त्या रविवारी. ती मुलगी मराठी होती. "ताई, आत येऊ का?" म्हणाली आणि आत येऊन चटईवरच बसली. पिल्लू तिच्या मांडीवर मावत नसताना मांडीवर बसलं. तिने त्याचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, बरगड्यांवरून हात फिरवला, दोन-तीनदा चालवून बघितलं. नवऱ्याच्या हातात अजून खाण्याचं भांडं होतं. तो काट्याकडे, भांड्याकडे, तिच्याकडे बघत होता. तीस वर्षं ज्याने एक थाळी वाकडी जाऊ दिली नाही, त्याला कोणी तरी येऊन सांगत होतं की तुझ्या घरात जीव उपाशी मरतोय. जिन्यात भाभी, वरच्या मजल्यावरचे काका, त्यांची सून, सगळे जमले होते.

मुलीने आमच्या डॉक्टरबाईंना फोन लावायला सांगितला, त्यांच्याशी बाहेर जाऊन बोलली आणि परत येऊन म्हणाली, "काका, कुत्रा छान आहे. असाच ठेवा. सॉरी, तक्रार आली की आम्हाला यावंच लागतं."

"कोणी केली तक्रार?" नवऱ्याने विचारलं.

"ते आम्ही सांगत नाही."

त्यांनी चपला घातल्या. सासूबाई हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. ती मुलगी जाता जाता त्यांच्यापाशी थांबली, वाकली आणि हळूच म्हणाली, "आजी, काळजी करू नका हं. तो खरंच बरा आहे." आणि गेली.

मी दार लावलं. आमच्यापैकी कोणालाही आणखी काही सांगायची गरज नव्हती. परक्या मुलीला आमच्या घरातली आजी काळजी करतेय हे कसं ठाऊक असणार?

"आई," नवरा म्हणाला. "तू?"

"हो," त्या म्हणाल्या. "खाली गल्लीतल्या कुत्र्यांना संध्याकाळी भात घालायला येते ना ती बाई, तिला सांगितलं मी. तिने त्यांना बोलावलं."

मला भाभींचा संशय आला होता, वरच्या काकांचा आला होता. ह्यांचा मनात आला नव्हता. मी जेवणाच्या टेबलापाशी बसले. नवरा उभाच होता.

"मला सांगायचं होतंस ना. बाहेरच्या माणसांना बोलावलंस तू माझ्या घरी?"

"तुला रोज सांगितलं. तू काट्याकडे बघून बोलायचास."

"मी त्याला छळतोय असं वाटलं तुला?"

"तू कुलूप लावलंस ना, त्या दिवसापासून मला जेवण जाईना," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आवाज न चढवता, एखादी जुनी रेसिपी सांगावी तसं सांगितलं. लग्न होऊन त्या गावी गेल्या तेव्हा घरात तांदळाची कणगी असलेल्या खोलीची किल्ली त्यांच्या सासूच्या कमरेला असायची. शेत बऱ्यापैकी होतं, भाताची ददात नव्हती. तरी सासू सगळ्यांची जेवणं झाल्यावर सुनेला करवंटीने मोजून भात द्यायची. सपाट करवंटी. वर आलेलं बोटाने काढून घ्यायची. मागितलं तर म्हणायची, सून खादाड निघाली. सासरे मुंबईत, वर्षातून दोनदा येणार, त्यांना काय सांगणार? गोठ्यात बैलांसाठी कुळीथ शिजवून घालायचे. सासूबाई ते घालायला जायच्या आणि त्यातले मूठभर आधी स्वतः खायच्या.

"तू पोटात होतास," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भूक तर अशी लागायची. बैल खात असला तरी मी हात घालायची. तो तोंड बाजूला घ्यायचा. कधी शिंग नाय मारलं."

माझा नवरा खाली चटईवर बसला. ज्या आजीबद्दल त्या सांगत होत्या ती त्याची लाडकी आजी. म्हातारपणी चाळीत त्यांच्याकडेच येऊन राहिली होती. त्याला शाळेतून आल्यावर कनवटीचे शेंगदाणे द्यायची, त्याच्या तापात रात्रभर उशाशी बसायची. तिच्या गोष्टी त्याने मला, आमच्या लेकीला किती वेळा सांगितल्या असतील. त्या सांगताना सासूबाई तिथेच भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

"आजी?" तो म्हणाला. "आपली आजी?"

"तुझ्यावर जीव होता तिचा. ते खोटं नाय."

"तू कधी बोलली नाहीस. बाबांना माहीत होतं?"

"नाय. काय उपयोग होता? मुंबईला आले, सुटले. मग ती आजारी पडून आली, तेव्हा तिला भरवायची वेळ माझ्यावर आली. पोटभर भरवलं. पण हे पिल्लू भांडं चाटून वर बघायला लागलं की मला..." पिल्लाला आपलं जेवण अजून मिळालं नाहीये याची आठवण झाली आणि ते ओट्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं. ती त्याला सहज टेकता यायची. नवरा उठला आणि भांडं खाली ठेवलं. काट्यावर पुन्हा ठेवून बघितलं नाही.

त्या दिवशी आम्ही तिघंही नीट जेवलो नाही. संध्याकाळी मी लेकीला फोन केला आणि तिची परीक्षा कधी तेवढंच विचारून ठेवला. मी चोवीस वर्षं त्या बाईच्या हाताला हात लावून स्वयंपाक करत होते. भात उरला तर त्या तो कधी टाकू द्यायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन स्वतः खायच्या. मी मनात त्याला काटकसर म्हणायची.

नवरा दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी पिंपाचं कुलूप काढून ठेवून गेला. आता सासूबाई पिल्लाला वाटेल तेवढं देतील आणि आपण काहीच बोलू शकणार नाही, अशी मला धास्ती होती. पण त्यांनी दिलं नाही. देऊ का, असं विचारायला लागल्या. तेही मला. मला ते विचारणं आधीच्या चोरून देण्यापेक्षा अवघड जायचं. शेवटी मी त्यांना आणि पिल्लाला डॉक्टरबाईंकडेच घेऊन गेले. बाईंनी त्यांचा हात धरून पिल्लाच्या बरगड्यांवर ठेवला. "आजी, हाड लागतंय?"

"लागतंय."

"त्यावर थोडं मांस लागतंय?"

"हां, हाय थोडं."

"मग हा उपाशी नाही. भूक लागते, कारण वाढतोय. तुम्हाला द्यावंसंच वाटलं तर काकडी द्या, दुधी उकडून द्या. त्याने अंगावर चढत नाही."

मग दुपारी आमच्या घरी काकडीचा कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई एकेक फोड द्यायच्या आणि पिल्लू ती जिवाच्या आकांताने खायचं.

तरी मनातून त्यांना हे पूर्ण पटलं नव्हतं. ते कळलं नवघरला गेलो तेव्हा. पिल्लाचा एक सख्खा भाऊ तिथे नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरने घेतला होता. दोन-तीन महिन्यांपूर्वी आम्ही त्याला बघायला गेलो होतो, तेव्हा तो आमच्या पिल्लापेक्षा दीडपट भरलेला, तुळतुळीत, बघत राहावं असा होता. त्या घरात दूध, अंडी, तूप, वर बाजारात मिळणारी कॅल्शियमची पावडर, सगळं हौसेने घालत होते. परत येताना सासूबाई रिक्षात म्हणाल्या होत्या, "वाढवणं म्हणतात ते असं."

आता पुन्हा गेलो, कारण त्या माणसाने फोन करून बोलावलं होतं. दार उघडलं आणि मी त्या कुत्र्याच्या पुढच्या पायांकडे बघितलं. मनगटापासून दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला वळले होते, मधले सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. तो आम्हाला बघून उठायला गेला आणि उठता उठता ओरडला. मालकाचे डोळे भरून आले. "साहेब, काय कमी केलं मी? पोराच्या आधी ह्याला वाढलं."

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्या कुत्र्याकडे, मग त्याच्या भरलेल्या भांड्याकडे बघत राहिल्या. मी कधी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. स्वतःची सगळी कथा सांगतानाही नाही.

"ह्याला तर पोटभर देत होते ना गो?" त्यांनी मला विचारलं. "पोटभर देऊन पण असं होतं?"

मी हो म्हटलं. त्या आत आल्या, त्याच्याजवळ खाली बसल्या आणि घरी जाईपर्यंत तिथून उठल्या नाहीत. आमच्या डॉक्टरबाईंनी पुढे त्या कुत्र्याची पावडर बंद केली, खाणं बदललं, वजन उतरवलं. लहान होता म्हणून पाय बरेच सुधारले, पूर्ण नाही. तो आजही थोडा फेंगडा चालतो.

त्या वर्षी पितृपक्ष आला. दरवर्षी आजीच्या नावाने पान वाढलं जायचं, आणि ते सासूबाईच वाढायच्या. खीर, वडे, अळूची भाजी, भोपळ्याचं भरीत, सगळं. नवऱ्याने सकाळी सांगितलं, "आई, ह्या वेळी नको. मला जमणार नाही." सासूबाई तोवर डाळ भिजत घालून बसल्या होत्या. "तुला नाय जमत तर तू बाहेर बस," त्या म्हणाल्या. "मी वाढते." आणि वाढलं. भाताची मूद नेहमीसारखी मोठी. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि त्यांनी हे माफ केलं म्हणून केलं, की तिला दाखवून द्यायचं म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. नवरा खरंच जिन्यात जाऊन बसला, पिल्लाला घेऊन.

तो आजीच्या गोष्टी आता सांगत नाही. एकदा लेक सुट्टीला आली असताना म्हणाली, बाबा, ती शेंगदाण्यांची गोष्ट सांगा ना. तर तो उठून गॅलरीत गेला. त्याचं काय करायचं ते त्यालाही समजत नाही. शेंगदाणे खरे होते आणि करवंटीही खरी होती.

पिल्लू दीड वर्षाचं झालं तेव्हा कमरेचा एक्स-रे काढला. त्याला भूल देऊन टेबलावर ठेवायला चार माणसं लागली. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडाला धरून आम्हाला दाखवली. मांडीच्या हाडाचे दोन्ही गोळे खोबणीत चपखल बसलेले. म्हणाल्या, "छान. आता जिना चढू दे, पळू दे." नवऱ्याने त्यांना फिल्म पुन्हा दाखवायला सांगितली, जवळ जाऊन, चष्मा वर करून बघितली.

त्या संध्याकाळी पिल्लू पहिल्यांदा झोळीशिवाय स्वतःच्या पायांनी जिना चढून वर आलं. भाभी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अभी भी दुबला ही है." सासूबाईंनी हिंदीत, जी त्यांना फारशी येत नाही, त्यांना थांबवून सांगितलं, "हात लगाके देखो. हड्डी लगता है, पर ऊपर मांस है. ये उपाशी नहीं है." आणि भाभींचा हात धरून त्यांनी तो पिल्लाच्या बरगड्यांवर ठेवला.